दारावरचा ओला कागद

३ नोव्हेंबर
पोचलो बाई एकदाचे! सांगते मी, लिहिते नात तेमेनुगा. मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. सोफिया शहर सोडून या डोंगरगावात आलो, तिला दप्तरखान्यात नोकरी लागली म्हणून. दप्तरखान्याच्या वरच्या दोन खोल्या आमच्या. जुने कागद सांभाळायलाही प्रमाणपत्र लागतं म्हणे, आणि दर पाच वर्षांनी ते नवं करावं लागतं. तेमेचं नऊ तारखेला संपतं. तिच्या आधी इथे काम करून वारलेल्या स्तानिमिराबाईंची कपाटं तोवर लावून झाली तर नवं मिळेल, नाहीतर नोकरी गेली. मी म्हटलं, बरी मी अडाणी, जन्मापासून एकदाही नवं करावं लागलं नाही! 'म्हातारे, गप्प बस,' म्हणाली. हे आमचं लाडाचं.

४ नोव्हेंबर
खालच्या दारावर स्तानिमिराबाईंचा फोटो छापलेला दुखवट्याचा कागद आहे. आमच्यात मेल्यावर चाळिसाव्या दिवशी, मग वर्षाला घरचे नवा डकवतातच. पण बाईंना मागे कुणी नाही. तरी कागद कोरा करकरीत, खळ ओली. शेजारीण गिना म्हणाली, बाईंनी स्वतःचा एकही कागद कधी शिळा होऊ दिला नाही. मी हसले. मेल्यावरही नवं करायची हौस!

६ नोव्हेंबर
तेमे दिवसभर खाली. तिच्यासाठी भाजलेली चीजची बनित्सा तशीच गार. म्हणते, बाईंचं प्रमाणपत्र सापडलं, अजून चालू आहे. दारावरच्या फोटोत मला हनुवटी तेमेची वाटली. सांगितलं, तर ती हसली नाही.

८ नोव्हेंबर
आज मला 'आजीबाई' म्हणाली. अहोजाहो केलं. डाव्या हाताने लिहिते आहे, माझी तेमे तर उजव्या हाताने लिहायची. बोटांना खळ—

९ नोव्हेंबर
प्रमाणपत्र नवं झालं म्हणे. पाच वर्षांचं. मी खाली गेले. मुंग्या नाही वाचता येत, चेहरा येतो. दारावरच्या कागदात आता माझी तेमे. गिना काळ्या कपड्यांत, मयताचे गोड गहू घेऊन उभी. कुणाचे विचारलं, तर म्हणाली, अगं वेडे, तुझ्या नातीचे.

मग समोर बसून लिहितेय ती कोण—

म्हणते, तुम्ही सांगाल त्यातलं अक्षरही बदलणार नाही. आलेलं खोडायचं नाही, दप्तराचा नियम म्हणे. तेमे, एकदा म्हातारे म्हण. एकदाच—

म्हणत नाही. गोड हसून विचारते, आजीबाई, तुमचा एखादा चांगला फोटो—