सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा

१२ नोव्हेंबर

बाबांनी टाय पुन्हा सोडला. गाठ डावीकडे जाते म्हणाले.

"बाबा, इथे जर्मनीत कोणी टाय बघत नाही."

"मी बघतो ना."

निखिल बूट घालून दारात उभा. "अहो बाबा, सत्कार नाहीये तुमचा. चर्चा आहे." सासऱ्यांनी आरशातच उत्तर दिलं, "चर्चेलाच टाय लागतो. सत्काराला हार असतो."

गेलो. विद्यापीठातली एक खोली, पंचवीसेक माणसं, पाण्याच्या बाटल्या. विषय: दयेचा अधिकार. राष्ट्रपतीने किंवा राज्याच्या प्रमुखाने शिक्षा माफ करायची, आणि का केली ते कोणाला सांगायचं नाही. त्याला लगाम कसा घालायचा. लेंगफेल्डबाई (आमच्या सईच्या मैत्रिणीची आई, कायदा शिकवतात) त्यावर प्रस्ताव लिहितायत. माफी देणाऱ्याने कारण लिहावं. ठरावीक मुदतीत उत्तर द्यावं. आपल्या माणसाला माफी देऊ नये. बाबांनी नोकरीची शेवटची वर्षं अशाच अर्जांच्या टेबलावर काढली, हे सईने त्यांच्या घरी सांगितलं. म्हणून बोलावणं. दुभाषी मी.

बाबा बोलले ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवते:

"दया कोणाला येत नाही हो. वरून फोन आला की येते. फोन आला की मी फाइलवर लिहायचो, 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा'. तो शिक्काच समजा. एका बड्या माणसाच्या भाच्याची फाइल दुपारी आली, संध्याकाळी वर गेली. तिच्या खाली एका आचाऱ्याची होती. क्षय झालेला. त्याची आई यायची, बाहेर बाकावर बसायची. त्याच्यासाठी फोन आला नाही. तो आत मेला. मी लिहिलं, 'अर्जदार मयत. प्रकरण नस्तीबद्ध.' झाली फाइल बंद."

मी जर्मनमधून सांगितलं ते:

"वरिष्ठांशी विचारविनिमय करून आम्ही प्रत्येक अर्जाचा मोठ्या करुणेने विचार करत असू. एका आजारी माणसाच्या बाबतीत, दुर्दैवाने, उशीर झाला."

माना हलल्या. समोरच्या बाईंनी डोळे पुसले.

मग वोल्टर्स. निवृत्त न्यायाधीश, प्रस्तावाच्या विरोधात. म्हणाले, कारण लिहावं लागलं की ती दया उरत नाही, निकाल होतो. हे गृहस्थ बघा. सक्ती नव्हती, तरी माणूस चांगला होता म्हणून यंत्रणा चांगली चालली. बरोबर ना?

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी मराठीत म्हणाले, "त्यांना तुमचं पटलं."

"गेनाऊ!" बाबा म्हणाले. अगदी बरोबर! बेकरीत शिकलेला त्यांचा एकुलता एक जर्मन शब्द. सगळे हसले. टाळ्या.

१३ नोव्हेंबर

काल ट्राममधलं लिहायचं टाळलं.

बाबा खिडकीशी, निखिल त्यांच्या शेजारी. सई माझ्याजवळ उभी. दांड्याकडे बघत म्हणाली, "दास हात एर निष्ट गेझाग्ट." ते असं बोलले नाहीत.

मी म्हणाले, भाषांतर शब्दाला शब्द नसतं.

"डार्फ्स्ट डू दास?"

 अजून त्या प्रश्नाचं मराठी करतेय. तुला असं करता येतं का? नाही. तुला चालतं का? तेही नाही. तुला हा अधिकार कोणी दिला, इतकं लांब होतं ते.

आज न्याहारीला बाबा खुशीत. ब्रोटशेनला, इथल्या पावाला, शेंगदाण्याची चटणी लावत होते. "किती सभ्य लोक गं. मला वाटलं होतं, उठून जातील. निदान कोणीतरी विचारेल, अहो, तुम्ही काय करत होता. पण नाही. ऐकून घेतलं."

मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

१५ नोव्हेंबर

निखिलला सांगितलं. भांडी लावता लावता.

"बरं केलंस. बाबांची लाज राखलीस."

"त्यांनी मागितली नव्हती."

"लाज मागतं का कोणी? आणि आता जाऊ दे ना. इथल्या पंचवीस लोकांना कुठे काय फरक पडतोय. आल्झो, तर मग, विषय बंद."

प्रकरण नस्तीबद्ध.

शब्द सापडला नाही म्हणावं, तर फोनला जर्मनमध्ये शब्द आहे. सई तो बालवाडीत शिकली. शिक्क्यालाही आहे. मी साहित्य शिकले, दुसऱ्यांच्या कवितांतल्या एकेका स्वल्पविरामासाठी भांडले आहे. त्या खोलीत मला वाक्य व्यवस्थित कळलं होतं. मग समोरचे चेहरे दिसले. मला माहीत असलेला एक चेहरा असतो इथे, सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडचा, सौम्य: हं, तुमच्याकडे असंच असणार. तो चेहरा यायच्या आत मी वाक्य धुऊन, इस्त्री करून पुढे ठेवलं.

बाबांची लाज राखली म्हणे. माझी राखली.

१७ नोव्हेंबर

शाळेच्या फाटकापाशी लेंगफेल्डबाई. सायकल, हेल्मेट, ओले हातमोजे. एक पान हातात दिलं. त्या संध्याकाळचा वृत्तांत पुस्तिकेत छापायचाय. बाबांचं निवेदन त्यात आहे, त्यांना मराठीत वाचून दाखवा, मान्य असेल तर सही. शनिवारपर्यंत.

"वोल्टर्स आपल्या विरोधी टिपणात त्यांचाच दाखला देणार आहेत," म्हणाल्या. हसल्या. "तुमच्या सासऱ्यांनी माझा मुद्दा जरा अवघड करून ठेवला. पण माणूस खरं बोलला, त्याला मी काय करणार?"

तेव्हा सांगता आलं असतं. पाऊस होता. त्यांना उशीर होत होता. मला नव्हता.

१८ नोव्हेंबर

पान पिठाच्या डब्याखाली. बाबा दोनदा विचारून गेले, "बाई काही म्हणाल्या का?" मी नाही म्हणाले.

सई माझ्याशी बोलते. मीठ दे, चावी कुठे. आजोबांकडे बघत नाही.

१९ नोव्हेंबर

दुपारी बाबा मटार सोलायला बसले. आपणहून बोलायला लागले.

"एक सांगायचं राहिलं त्या दिवशी. त्या आचाऱ्याच्या आईने मला एकदा विचारलं, 'साहेब, तुमच्या हातात हाय का?' मी म्हणालो, नाही बाई. खरंच नव्हतं. माफी देणं माझ्या हातात कुठलं? पण खालची फाइल काढून वर ठेवणं होतं. तेवढं होतं."

एक शेंग किडकी निघाली. बाजूला ठेवली.

"तुझ्या सासूबाईंना मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिकडे कोणाला सांगणार? म्हणतील, म्हाताऱ्याला आता सुचलं. इथे बरं पडलं. आपली भाषा न येणाऱ्या लोकांसमोर बरं पडतं बोलायला."

"बाबा…"

"लेंगफेल्डबाईंचं बरोबर आहे. कारण लिहायला लावा. 'वरून फोन आला' असं फाइलवर कोण लिहील? कोणीच नाही. मग काहीतरी खरं कारण शोधावं लागेल. शोधता शोधता एखादा खालची फाइलपण उघडेल. तुझी जर्मन चांगली आहे. नीट पोचलं त्यांच्यापर्यंत."

मी मटार उचलून आत नेले.

२० नोव्हेंबर

बातम्यांत कुठल्याशा देशाचा अध्यक्ष. आपल्याच माणसांना माफी. निखिल म्हणाला, निर्लज्ज आहेत साले.

मीही दिली. आपल्याच माणसाला. अर्ज नव्हता, कारण लिहिलं नाही, विचारणारं कोणी नाही. एक तेरा वर्षांची मुलगी सोडून. आणि ज्याला दिली त्याला माहीतही नाही. तो समजतो, पंचवीस लोकांनी त्याचा गुन्हा ऐकला आणि तरी त्याला पाणी विचारलं.

पाण्याची बाटली घरी आणलीय त्यांनी. रिकामी. खिडकीत ठेवलीय.

२१ नोव्हेंबर

सांगितलं.

चारचा चहा. निखिल ऑफिसात, सई तिच्या खोलीत, दार उघडं. पिठाच्या डब्याखालून पान काढलं. बाबांनी पीठ झटकलं, चष्मा लावला, जर्मन मजकूर वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातला, सवयीने. "वाच."

मराठीत वाचलं. या वेळी शब्दाला शब्द. विचारविनिमय. मोठ्या करुणेने. दुर्दैवाने. वोल्टर्सचा प्रश्न. त्यांचं गेनाऊ.

"हे मी बोललो नाही."

"नाही. मी बोलले."

कपावर साय धरली.

"'सहानुभूतिपूर्वक'चं हे केलंस होय? मोठ्या करुणेने?"

"हो."

"तिथे सगळे हसायचे त्या शब्दाला. शिपाईसुद्धा." मग, "मग ते माना का हलवत होते?"

"मी सांगितलं त्यावर."

"ती बाई रडली."

"हो."

"आणि मी गेनाऊ म्हणालो."

 आतल्या खोलीत खुर्ची सरकली, थांबली.

बाबांनी पानावर हात ठेवला. मग म्हणाले, "सही केली तर?"

"तर हे छापतील."

"म्हणजे म्हातारा चांगला होता असं."

"हो."

"वाईट नाही लिहिलंयस." आणि हसले. ते हसणं मी सहन केलं, इतकंच लिहिते. त्यांनी पेन मागितलं. दिलं. टोपण काढलं, परत लावलं.

"मला एक सांग, मला तरी वरून फोन यायचे. तुला कोणाचा आला होता?"

मी चेहऱ्याबद्दल सांगायला लागले. खिडकीपलीकडचा, सौम्य. बोलताना ते फार लहान वाटायला लागलं. मध्येच सोडलं.

"हं," म्हणाले. पान आणि पेन घेऊन खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. निखिल ताट घेऊन गेला, तासभर आतच होता. बाहेर येऊन मला म्हणाला, "सही करतील बहुतेक. मी समजावलंय. तू आता काही बोलू नकोस, प्लीज."

२२ नोव्हेंबर

सकाळी बाबा टाय बांधून स्वयंपाकघरात बसले होते. गाठ डावीकडे. पान समोर, सहीची जागा कोरी.

"बाईंना फोन लाव," म्हणाले. "आणि सईला उठव. माझं ती सांगेल."

सईला उठवलं. ती डोळे चोळत त्यांच्या शेजारी येऊन बसली. मी फोन लावून तिच्या हातात दिला. रिंग वाजत होती.