माझ्यामागे अकरा दिवस कोणी देऊ नयेत

यंदा मालकीणबाईंकडून आले: चेरीच्या मुरंब्याच्या चार बरण्या, सफरचंदांची एक पेटी आणि परवा टपालाने नव्या भाडेकराराचा मसुदा. त्यापोटी गेले: चेरी तोडणीचे चार दिवस, सफरचंदांचे तीन, कुंपण छाटण्याचे दोन, पाने व बर्फ काढण्याचे दोन. एकूण अकरा. वहीत नोंद आहे.

मी, लीलाबाई अर्जुन वाघमारे, वय त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, राहणार जर्मनीत एर्लांगेनजवळच्या गावी मालकीणबाई फ्राऊ ब्रेम यांच्या घरात तळमजल्यावर, त्रिशरण म्हणून हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणी शिकवलेले नाही. चौदा तारखेला हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून आजच. इथल्या कायद्याला स्वहस्ताक्षर पुरते. साक्षीदार माझ्या समाधानासाठी.

१. घर माझे नाही. एकतीस वर्षे भाड्याने आहे. माझ्यामागे ते याच भाड्यात माझा एकुलता मुलगा अनुप यास द्यायला फ्राऊ ब्रेम तयार आहेत. पण मसुद्याचे सातवे कलम म्हणते, भाडेकरूच्या कुटुंबाने प्रथेप्रमाणे वर्षाला अकरा दिवस बागेत काम द्यावे.

प्रथा मीच पाडली. पहिल्या वर्षी बाईंचा हात मोडला होता, चेरी झाडावर सडत होत्या. मला बघवेना, न बोलावता शिडीवर चढले. दुसऱ्या वर्षी त्यांनीच दार वाजवले, "फ्राऊ वाघमारे, यंदा कधी येताय?" आमचे हे तेव्हा हयात होते, म्हणाले, "जा की, दोन दिवसांचं तर काम." दोनाचे अकरा झाले.

माझा आजा वेठीला पाटलाची लाकडे फोडायचा. मिळायची शिळी भाकरी. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड उचलली नाही. गावाने आठ महिने दाणा-पाणी तोडले. त्यांची मुलगी मी. लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

परवा हे बाईंना सांगितले तर हसल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! आमचेही पूर्वज जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचे. त्याला फ्रोन म्हणत."

"मग ते बंद झालं तेव्हा तुमच्या घरात कोणी रडलं का?"

कलम तसेच आहे.

२. बँकेतील ठेव. कायद्याने मुलाचा जो किमान हिस्सा, तो अनुपला. बाकी सर्व सून कीर्तीला, तिच्या एकटीच्या नावाने. तिला हवे तिथे बिनकलमाचे घर घ्यावे. अनुपने सातव्या कलमासकट सही केली असेल, तर कीर्तीचा हा वाटा माझ्या माहेरगावच्या विहाराला जावा. सून म्हणेल, शिक्षा मला का? बाई गं, त्याला अडवायला माझ्याकडे दुसरे काही नाही.

फोनवर अनुप म्हणाला, "आई, म्युनिकमध्ये दोन खोल्यांना अर्धा पगार जातो. आल्झो, तर मग, अकरा दिवस म्हणजे काय? व्यायाम होईल."

"कोणाला? तू ऑफिसात असणार."

तो "बघू" म्हणाला. मागे कीर्ती भांडी आवरत होती, तो आवाज थांबला. मग नात ओवीने तिच्या जर्मनमध्ये विचारले, "मुस इश आउख?" म्हणजे, मलाही करावं लागेल का? अनुप म्हणाला, "ठेवतो, आई."

३. अवजारे. शिडी, आकडी व दोन कात्र्या आमच्या यांनी स्वतःच्या पैशाने घेतल्या. त्या बागेत सोडू नयेत. रिकाम्या बरण्या धुऊन, झाकणासकट परत कराव्यात. बुद्धमूर्ती ओवीला.

४. फ्राऊ ब्रेम यांच्यावर राग धरू नये. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. आजारी पडल्या तर वरणभात नेऊन द्यावा, पण आपल्याला वाटेल त्या दिवशी. त्यांनी नेमून दिलेल्या नव्हे.

सही: लीलाबाई अर्जुन वाघमारे
साक्षीदार: संध्या गायकवाड, क्षितिज सोनवणे, दोघे एर्लांगेन
एर्लांगेनजवळ, ३ नोव्हेंबर २०२५

अनुप, ही नक्कल तुला. करारावर सही वीस तारखेला आहे, माझे ऑपरेशन चौदाला. फोन करू नकोस, फोनवर तू "बघू" म्हणतोस. ओवीच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने लिही, तिला वाचून दाखव, आणि तोच कागद मला उलट टपाली पाठव.