गच्चीवरची जिम आणि माझं वैराग्य

अनसिंग,
गुरुवार

तीर्थस्वरूप जिनदास मामाजींना भाचा अर्हमचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार (मांड्या धरल्यामुळे सध्या वाकता येत नाही, तरी वाकलो असं समजावं). मामीजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत. फक्त मी दीक्षा घेऊन साधू होणार आहे असं अख्ख्या गावाचं म्हणणं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण रेंज गच्चीवरच येते आणि तिथे दादी माझ्यावर नजर ठेवून बसली आहे. म्हणून हे पत्र शेजारच्या दौलतसिंगच्या हाती पाठवतो; तो रोज तुमच्या जऊळक्याला कामाला येतो.

तुमच्या दुकानासमोरच्या कापडवाल्यांची नीलम तुम्हाला माहीतच आहे. मला जरा जास्त माहीत आहे. आपल्या त्रिशलाच्या लग्नात मी पाण्याची कॅन खांद्यावर घ्यायला गेलो आणि कॅनसकट आडवा झालो, तेव्हा नीलम सगळ्या पोरींदेखत म्हणाली, "कॅन उचलत नाही तुह्यानं, अन् माह्या बापूले मले मागून राह्यला!" (मागणं घातलं होतं हे खरं. बापूंनी नाही म्हटलं हेही खरं. पोरगा कॉलेज अर्ध्यात सोडून आला अन् डोकं सदा भडकेल, असं त्यांचं मत. कॉलेज मी सरांशी तत्त्वावरून भांडून सोडलं. तत्त्व कोणतं होतं ते आता आठवत नाही.) त्याच दिवशी ठरवलं, शरीर कमवायचं.

वाशिमच्या जिमची फी आणि वरून एसटीचं भाडं, एवढं बाबूजींकडे मागायची हिंमत नव्हती. म्हणून गच्चीवरच जिम मांडली. आमच्या किराणा दुकानात इलेक्ट्रिक काटा आल्यापासून जुनी लोखंडी वजनं रिकामी पडली होती, ती झाली डंबेलं. तेलाच्या दोन डब्यांत रेती भरून पाइपाच्या टोकांना बांधले, तो झाला बारबेल. झोपून वजन उचलायला गिऱ्हाइकांचा बाक वर नेला, तर त्यामागोमाग गिऱ्हाईकही वर आलं. मी उताणा, छातीवर पाइप, डोळे बाहेर, आणि धनीबाई माझ्या पायांशी टेकून म्हणते, "तुमचं चालू द्या बाबू, मले घाई नाही. पावशेर हरभऱ्याची दाळ पाह्यजे." मी असा ओरडलो की एका डब्याची दोरी सुटली, पाइप तराजूसारखा फिरला आणि डब्यातली सगळी रेती खाली अंगणात, बाबूजींनी नुकत्याच उसवलेल्या साखरेच्या पोत्यात. बाबूजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. साखर मात्र माझ्याकडूनच निवडून घेत आहेत.

आता खरा घोळ ऐका. मोबाइलवरचा पैलवान म्हणतो, तेल-तूप बंद, मीठ-साखर बंद, उकडलेलं खा, कोमट पाणी प्या. मी तसं सुरू केलं. दादी धापूबाईनं माझं बिनमिठाचं उकडलेलं मूग पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. पोरगा न सांगता आयंबिलाचं व्रत करून राह्यला! मग तिनं मला जोर काढताना पाहिलं (माझं तोंड नेमकं मंदिराकडे होतं) आणि तिला ती वंदना वाटली. अनवाणी बैठका मारतो म्हटल्यावर तिनं माझ्या चपला दान करून टाकल्या. घाम येतो म्हणून संघदीपच्या सलूनमधून डोक्याचे केस अगदी बारीक करून आलो, तिथे तर सगळंच संपलं. शिवाय थकव्यानं अंगात भांडायचं त्राणच राहिलं नव्हतं, त्याचा अर्थ राग गेला, वैराग्य आलं. आता सकाळ-संध्याकाळ बाया येऊन हात जोडून माझ्या तपाची अनुमोदना, म्हणजे कौतुक, करतात. काल एक तर माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "महाराज, माह्या पोरालेही थोडं समजावा." मला समजवायला कोणी नाही, मामाजी!

आणि हे सगळं जऊळक्यात पोहोचलं आहे. रविवारी खुद्द नीलमचे बापू शाल-श्रीफळ घेऊन माझा सत्कार करायला येत आहेत. ज्याला जावई व्हायचं, तो त्यांच्या हातून साधू म्हणून शाल घेणार? तुमच्या पाया पडतो, आज दुकान बंद केल्यावर समोर जा आणि खरं काय ते बापूंना सांगा.

मामीजींना नमस्कार.

तुमचा, कोणतंही व्रत न घेतलेला,
अर्हम

ता. क. : थांबा, काहीच सांगू नका! आत्ताच नीलमचा फोन आला (दादी खाली डोळे मिटून सामायिकात बसली म्हणून गच्ची मोकळी मिळाली). बापू घरात हळहळून राह्यले म्हणे, "केवढा शांत पोरगा निघाला! संसारात राह्यला असता तर डोळे मिटून पोरगी देली असती." तेव्हा मामाजी, रविवारी तुम्ही बापूंसोबतच या. सत्कार सुरू झाला की भर सभेत माझा हात धरा अन् म्हणा, बेटा, घर सोडू नको. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा तुमच्या शब्दाखातर संसारात राहीन. मला परत आणल्याचं सगळं पुण्य तुम्हीच ठेवा.

ता. क. दुसरा : नीलमचा पुन्हा फोन. तिला हा बेत सांगितला, तर म्हणते, "दोनदा नाही म्हणू नको रे येड्या. माहे बापू पहिल्याच नकाराले 'धन्य आहे' म्हणून तुह्या अंगावर शाल टाकतीन अन् गाडीत जाऊन बसतीन." तेव्हा मामाजी, मी तोंड उघडायच्या आतच रडायला लागा.