कमलचा वर गेलेला हात

जळगाव, मंगळवार, श्रावण १९९३

तो हात सारखा डोळ्यांसमोर येतोय.

शाहीन कॉलेजात कॉम्प्युटरवर संशोधन करते: कुणाचंही गुपित न फोडता सगळ्यांचं मिळून खरं कसं काढायचं. आज तिच्यासोबत भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेले. प्रश्न एकच, नवरा मारतो का? प्रत्येक बाईने पदराआड नाणं उडवायचं. छापा पडला तर नुसतं 'हो' म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. त्यामुळे कुणाच्या 'हो'वरून तिच्या घरचं काही कळत नाही. नाण्यामुळे आलेले 'हो' अंदाजाने वजा केले की एकूण चित्र मात्र कळतं.

त्या बायांमधली कमल खिदळली, "घरी इचारलं तं सांगीन, मी नाही बोलली, नाणं बोललं!"

मला राहवलं नाही. आयुष्यभर सभांमधून निर्भयपणे बोला म्हणत आले. उभी राहिले, तावातावाने बोलले आणि शेवटी म्हणाले, "नाण्यामागे काय लपता? मार खाता ना? मग हात वर करा!"

कमलचा हात वर गेला. एकटीचा. शाहीनने तो झटकन खाली ओढला. पण कमलची सासू मागेच बसली होती.

परतताना बसमध्ये शाहीन एवढंच म्हणाली, "अक्का, तिला 'मी नाही बोलली' म्हणायला जागा होती. ती तुम्ही काढून घेतलीत."

त्या घरी कमलला जायचं होतं, मला नाही.

हात पुरता वर गेला होता का? सासूने पाहिलं का? एव्हाना नवरा ड्युटीवरून आला असेल. त्याला ताट वाढताना कमल काय सांगत असेल?