बदलीची बाई

३ फेब्रुवारी, सोमवार

लागले एकदाची कामाला. बेंगळुराबाहेर, आनेकलच्या अलीकडे हे हॉस्पिटल, पुढे नारळाची झाडं, फरशी अशी पुसलेली की तोंड दिसावं. आयाची नोकरी, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. वही कावेरीनं दिली. म्हणाली, आई, तुझा राग हिच्यावर काढ, माझ्यावर नको. पोरगी तोंडाची फटकळ, कुणावर गेली ते सगळ्यांना माहीत आहे. मी चौथी शिकलेली, पण इथं मराठी कुणाला वाचता येत नाही. तेव्हा मनात येईल ते लिहिणार.

दर सोमवारी सकाळी मॅनेजर गिरीराज स्पीकरवर बातम्या सांगतो. आधी स्टाफच्या, मग पेशंटच्या. लग्नात आहेर पुकारावा तसा आवाज. आज माझं नाव पुकारलं. चिकोडीच्या अंबूबाई, अनुसूयाच्या जागी, बदलीवर रुजू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, ही अनुसूया गेली कुठं? आजारी आहे म्हणाला, बरी होऊन आली की तुमची बदली संपली. मग मी काय करू, म्हटलं. तर म्हणाला, काळजी सोडा अक्का, आम्ही आपल्या माणसाला टाकत नाही. बोलताना हात चोळत होता. हात कसले, तान्ह्या पोराचे. गुलाबी, गुळगुळीत, एक रेघ नाही. कामाला कधी लागलेले नसणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्याकडे एकच पेशंट. मागच्या खोलीतला तीन नंबरचा बेड. आत पाय टाकला आणि पदर नाकाला गेला. बाई की बाप्या, ते चादर काढल्यावर कळलं. बाई. नाव नाही, पाटीवर नुसता नंबर. कमरेखाली, माकडहाडापाशी पुरीएवढी जखम. कडेनं काळी, मधे पिवळी, आणि वर पू असा, जशी झाकून विसरलेल्या आमटीवरची साय. तोंडात दात नावाला, जिभेवर पांढरा थर. रागीची गंजी, म्हणजे आपली नाचणीची पेज, भरवली तर अर्धी हनुवटीवरून गळ्यात, तिथून उशीवर. नखं कापायला घेतली तर एक उडून माझ्या ओठावर बसलं. मी बाहेर जाऊन चूळ भरली, तरी दुपारचं जेवण गेलं नाही.

सिस्टर सांगून गेली, हातमोजे घालायचे नाहीत, पेशंटला माणसाचा हात लागला पाहिजे. तुझा लाव की मग, असं अगदी ओठावर आलं होतं. नोकरी नवी, गिळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

स्पीकरवर आज माझ्या पेशंटची बातमी. बेड नंबर तीन, स्वल्प सुधारणा. स्वल्प म्हणे. अर्धी जखम भरून आली आणि यांची स्वल्प. नवी कातडी आली आहे, गुलाबी, उंदराच्या पिल्लासारखी. बघून मळमळतं, पण केलं मीच.

सगळे कौतुक करत होते तेव्हाच गिरीराजला धरला. म्हटलं, बोम्मसंद्र्याची कंपनी बंद पडल्यापासून माझी कावेरी घरी बसून आहे. तिला इथं लावा. त्यानं लगेच तिचा नंबर लिहून घेतला. जागा झाली की पहिली तिलाच, म्हणाला. माणूस गोड आहे, उगीच नावं ठेवली.

माझ्या खोलीतल्या गादीत ढेकूण असावेत. माकडहाडापाशी खाज सुटली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाकरी चावताना दाढ हातात आली. दुखलं नाही, रक्त नाही. पिकल्या फळातून बी निघावी तशी आली. टाकून दिली.

संध्याकाळी पाठ पुसत होते तर पेशंट बोलली. आणि मराठीत. अक्का, स्वल्प वर, तिथं खाजतंय. मी म्हटलं, मराठी कुठली गं तू? आम्ही इथलेच, म्हणाली, पणज्याच्याही आधीपासून बेंगळुरात. मग विचारते, फिनेल अजून जिन्याखालीच ठेवतात का? तुला काय माहीत, म्हटलं. हसली. मागे एक नवी दाढ पांढरीशुभ्र चमकली.

रात्री माझ्या कमरेला हात लावला. बोट ओलं झालं. हुंगलं. हा वास मला पाठ आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्पीकर. अनुसूया, बेड नंबर तीन, ठणठणीत बरी. उद्यापासून ड्यूटीवर रुजू.

टाळ्या वाजवता वाजवता मी थांबले. अनुसूया. जिच्या जागी मी आले ती. तिलाच मी पुसत होते.

मग एकेकाकडे नीट बघितलं. सिस्टरच्या मानेवर, वॉचमनच्या कानामागे, स्वयंपाकीणबाईच्या कोपरावर तीच उंदराची कातडी. गिरीराजचे तर दोन्ही हात. सगळे त्या बेडवर झोपून उठलेले. प्रत्येकाला कुणीतरी पुसलेलं.

अनुसूया खोलीत आली. ही वही उचलून वाचली, आणि पोट धरून हसली. म्हणाली, मीपण अशाच शिव्या देत होते अक्का. ज्याला पुसता पुसता मी त्या बेडवर पडले, तो आता स्पीकरवर बोलतो. तुमचीपण बदली येईल, लवकर बऱ्या व्हाल. आणि माझा गाल कुरवाळला. शी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज निघाले. गेटवर कुणी अडवलं नाही. तिथंच कळायला हवं होतं.

बसमध्ये बाजूची बाई उठून गेली. मग पुढची. एकीनं पोराचं तोंड पदराखाली घेतलं. कंडक्टर नाक धरून म्हणाला, उतर अम्मा, लोक ओकतील. मी लोकांना बघून अशीच तोंडं केली आहेत जन्मभर. उतरले तर पाय धरेनात. लुगड्याला मागून ओल, त्यावर माश्या.

हॉस्पिटलची गाडी मागेच होती, हळूहळू येत होती. अनुसूयानं मला एका हातानं उचललं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन नंबर बेड. वही उशीखाली आहे, कुणी काढत नाही. त्यांना फरक पडत नाही.

फोन मागितला. जीभ जड, तोंडातून नुसती लाळ. गिरीराज उशाशी बसून म्हणाला, कावेरीला मीच कळवलं अक्का, आई आजारी आहे आणि तुझी नोकरी पक्की आहे, दोन्ही. रडली बिचारी, मग हो म्हणाली. तुम्हीच सांगितलं होतं ना, तिला लावा म्हणून.

मीच. माझ्या तोंडानं.

२३ — रविवार

ठरवलं आहे. आली की थुंकायचं तिच्यावर. ओरबाडायचं. तिला घाण बघवत नाही, लहानपणापासून नाही, दुधावरची साय दिसली तरी पेला सारायची. किळस येईल, पळेल. पळालीच पाहिजे. मी कुजले तर कुजले —

२४

स्पीकर. कावेरी, अंबूबाईंच्या जागी, बदलीवर —

टाळ्या.

आली. निळी साडी दिली आहे तिला. मी थुंकले. लाळच गळली नुसती. तिनं पदरानं पुसली. नाक मुरडलं नाही.

शी म्हण गं. एकदा तरी शी म्हण.

मी वही तिच्यापुढे केली. म्हणाली, तुझा राग मग वाचते आई, आधी पाठ. परत उशाशी ठेवली.

कुशीवर केलं मला. गरम पाणी. हातमोजे नाहीत. हात काढ — कावेरी हात — लिहिते आहे तरी बघत नाही —

खाज थांबली. गार वाटलं. कुठंतरी कातडी जुळते आहे —

जीभ हलली. शब्द फुटला. पळ म्हणायचं होतं. पळ एवढंच. आणि तोंडातून निघालं, कावेरी, स्वल्प व—