देवाने आधी ऐकलं ते ह्यांचं

मिठबाव,
शुक्रवार

प्रिय हमिदास,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. तुझे गुडघे कसे आहेत? आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या पायऱ्या अजून चढवतात का? माझी तब्येत बरी, पण मन ठिकाणावर नाही. आखातात युद्ध पेटल्यापासून माझ्या विनीतचं जहाज तिकडेच नांगर टाकून आहे, आणि इकडे ह्यांच्या कॉलेजची फुटबॉल टीम जिंकत सुटली आहे. (फोनवर हे ऐकतील, म्हणून पत्र.) दोन्हींचा संबंध काय म्हणशील, तर ऐक.

विनीत सुखरूप यावा म्हणून मी देवळात गाऱ्हाणं घालायला गेले. हेही सोबत आले (मला वाटलं, काळजीने). तर ह्यांनी टीमसाठी वेगळा नारळ आणलेला! हरिश्चंद्र गुरव म्हणाले, "वयनी, देवाक दोनदा कित्याक त्रास? एकदमच सांगतंय." आणि आधी फुटबॉल, मग माझा मुलगा, असं एका दमात सांगून टाकलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीसुद्धा म्हणाले गो!

तेव्हापासून ही टीम हरेचना. जिला आजवर फक्त नाणेफेक जिंकता येत होती (विनीत गोली होता तेव्हा तर तीही नाही), तिच्यासाठी आता समोरचेच खेळाडू आपल्या जाळ्यात चेंडू मारतात. एकदा तर मैदानात शिरलेल्या गाईला लागून गोल झाला, आणि रेफ्रीने तो दिलाही. प्रत्येक गोलला मी मनात म्हणते, देवाचं सगळं लक्ष मैदानावर, समुद्राकडे बघायला त्याला सवड कुठली? मी रडते, तर नवऱ्याच्या कौतुकाने रडते असं वाटून शेजारची मथुरा म्हणते, "बगलास? घोवाचा केदा कौतुक आसा!" परवा तर कॉलेजने, टीमसाठी गाऱ्हाणं घातलं म्हणून, श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. ह्यांच्याकडे रडगाणं गायलं, तर म्हणतात, "अगो, फायनल होवंदे, मगे देव मोकळोच!"

तुझी,
शर्मिला

ता. क. फायनल पुढच्या रविवारी तुमच्या वेंगुर्ल्याच्या कॉलेजशी आहे. भूगोलाच्या पेपराआधी आपण दोघी शाळेच्या चॅपलमध्ये मेणबत्ती लावायचो, आठवतं? तशी एक वेंगुर्ल्याच्या टीमसाठी लाव. ह्यांना कळता कामा नये.

ता. क. २. पाकीट चिकटवणार, तोच विनीतचा फोन आला. जहाज अजून तिथेच. आवाज बसलेला. मी "जेवलंस काय रे?" विचारण्याआधीच तो म्हणाला, "आये, सेमी जिंकलो मां?" हो म्हटलं, तर मागून सगळं जहाज ओरडलं. तिथे सध्या चांगली बातमी म्हणून एवढीच येते म्हणे. तेव्हा वेंगुर्ल्याची मेणबत्ती रद्द. आमच्यासाठी दोन लाव. वेगवेगळ्या, आणि आधी विनीतची.