दुसऱ्या शनिवारची मंडळी

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

चि. रुचिरा,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं असशील. सात वर्षं तुझ्या प्रत्येक टिपणावर लाल पेन्सिलीनं हेच अक्षर फिरत होतं. आईंची तब्येत कशी आहे? उजवा हात थोडा हलू लागलाय असं धवलकडून कळलं. दापोलीला फिजिओथेरपिस्ट घरी येतो का? आला नाही तरी व्यायाम चुकवू देऊ नकोस. मी ठीक आहे. निवृत्तीला तीन वर्षं झाली, साखर आटोक्यात आहे, सकाळी बागेत चार फेऱ्या मारतो आणि उरलेला दिवस कसा घालवायचा याचा विचार करतो.

आता धवल मला कुठे भेटला ते सांगतो. तो आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि जिन्याखालच्या खोलीत शाळेची जुनी उपकरणं जपतो, हे तुला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात मला म्हणाला, "सर, शनिवारी घाटकोपरला चला ना. दुसरा शनिवार आहे." मी म्हटलं, बँका बंद असतात, ठाऊक आहे. तो हसला. तेव्हा कळलं, की उपनगरातल्या लहानलहान संग्रहांची माणसं महिन्यातून एकदा एकमेकांकडे जमतात, एकमेकांना शिकवतात, आणि या मंडळींना ‘दुसरा शनिवार’ हेच नाव पडलंय. आणि हे तू सुरू केलंस.

काल गेलो. सुगंधाबाईंच्या त्या हॉलमध्ये, गिरणी कामगारांच्या गावकीच्या वह्या ठेवल्यात तिथे. मी आपला संग्रहालयातल्या पस्तीस वर्षांच्या नोकरीचा अहंकार आणि चाळीस मिनिटांचं भाषण घेऊन गेलो होतो. तापमान, आर्द्रता, आम्लरहित कागद. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग सुगंधाबाई म्हणाल्या, "सर, छान सांगितलंत. आता आमच्याकडे एसी नाही, वर पत्रा आहे, आणि आम्लरहित कागद म्हणजे काय ते विकत घ्यायला कुठे जायचं? आम्ही उद्या सकाळी काय करायचं ते सांगा."

मी भाषणाचे कागद घडी करून खिशात घातले, रुचिरा.

त्यानंतर मढच्या, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गुणाजींनी पिशवीतून एक जुनं सुती जाळं काढलं. हात लावला की तुटत होतं. सुगंधाबाई आयुष्यभर महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांनी धुतलेलं मलमल पसरलं, त्यावर जाळं ठेवलं आणि बारीक सुईनं, जाळ्याचा धागा न ओढता, टाके घालून दाखवले. दोन तास. शेवटी गुणाजी स्वतः घालू लागले. आमच्या प्रयोगशाळेत हेच काम मी तिघांना शिकवलं आणि तिघांनाही इतकं नीट आलं नाही. "कुणी शिकवलं?" असं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "रुचिराताईंनी. आणि त्यांना तुम्ही."

तुझं नाव निघालं की ही माणसं जरा सरळ बसतात. माझंही नाव त्यांना आधीपासून माहीत होतं. कशावरून, ते लिहिणार होतो, पण कागद संपला.

आईंना नमस्कार सांग.

तुझा,
अनंत नाबर


मुलुंड (पूर्व),
९ मार्च २०२५

चि. रुचिरा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. "सर, तेव्हा तुम्ही एकटे माझ्या बाजूनं उभे राहिलात, आणि आता तुम्हीच तिथे आहात, म्हणून मी निर्धास्त आहे." त्यावर लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. जमलं नाही. मग मंगळवारी हे सगळं घडलं, आणि ते तुला कळायलाच हवं. घाबरू नकोस, शेवट बरा आहे.

चार तारखेला सकाळी साडेसातला धवलचा फोन. "सर, सुगंधाताईंच्या हॉलची वाट लागली." शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, पाणी थेट पत्र्यावर आणि पत्र्यातून कपाटांवर. मी रिक्षानं पोचलो तेव्हा बाई गुडघ्यापर्यंत साडी खोचून उभ्या होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी, दत्तारामांनी, लिहिलेल्या वह्या. कोण गावाहून आला, कोणत्या खात्यात लागला, कोण आजारी पडला, कोणाला कोणाच्या सोबतीनं गावी धाडलं. एकशे बारा वह्या ओल्याचिंब. शेजारच्या बायकांनी मदत म्हणून त्या गच्चीवर उन्हात पसरायला सुरुवात केली होती. मी ओरडलोच. उन्हात पानं एकमेकांना चिकटतात, मग ती सुटत नाहीत.

"मग काय करू?" बाईंनी विचारलं. त्याच स्वरात, जानेवारीत विचारलं होतं तसं.

या वेळी उत्तर होतं, पण हाताशी काही नव्हतं. इतक्या वह्या एकदम वाळवता येत नाहीत, आणि दोन दिवसांत बुरशी धरते. गोठवल्या तर थांबतात. मग सवडीनं थोड्या थोड्या काढून वाळवायच्या. आपल्या जुन्या संस्थेत गोठवायचं यंत्र आहे. मी फोन लावला. पलीकडच्या नव्या अधिकाऱ्यानं मला ओळखलं, चौकशी केली आणि म्हणाला, "सर, एक अर्ज पाठवून द्या, पुढच्या आठवड्यात बैठकीत ठेवतो." मी त्याच्यावर चिडलो नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

तेवढ्यात धवल भिंतीकडे गेला. तिथे तू लावलेला तो तक्ता आहे, कुणाकडे काय आहे आणि कुणाला काय येतं. तो कोपऱ्यात भिजला होता, पण वाचता येत होता. गुणाजींच्या नावापुढे तुझ्या अक्षरात लिहिलेलं: इंजिन दुरुस्ती, गाठी, भाच्याची थंड खोली.

गुणाजींना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "किती थंड पाहिजे?"

"उणे वीस."

"कोळंबी उणे वीसलाच ठेवतो आम्ही. टेम्पो पाठवतो."

मग सुगंधाबाईंना तू पाहायला हवं होतंस. दवाखान्यात अपघाताचे रुग्ण एकदम आले की कसे वेगळे करतात, तशा त्यांनी वह्या वेगळ्या केल्या. शाई सुटू लागलेल्या आधी, चिंब त्यानंतर, दमट शेवटी. दमट असलेल्या तेवीस वह्या धवलनं शाळेच्या हॉलमध्ये पंख्याखाली नेल्या. उरलेल्या एकूणएक वहीला प्लॅस्टिक, नंबर, दोरा. कुणाचा आवाज चढला नाही. बारा वाजता आम्ही टेम्पोत होतो, पुढे ड्रायव्हर, त्याच्या बाजूला बाई आणि मी.

साकीनाक्याला पाऊण तास अडकलो. एका गाळ्यात वेल्डिंग चाललं होतं. बाई म्हणाल्या, "ताई नेहमी सांगायच्या. मोठ्या लोकांकडे ही कल्पना मांडली तेव्हा सगळे नाही म्हणाले. एकटे नाबर सर हो म्हणत होते. माझ्या मनात यायचं, कोण असेल हा माणूस. आज बघितलं."

मी वेल्डिंगच्या ठिणग्यांकडे बघत राहिलो.

मढला पोचलो तेव्हा गुणाजींच्या भाच्यानं कोळंबीचे क्रेट एका बाजूला सरकवून दोन फळ्या रिकाम्या, पुसून ठेवल्या होत्या. एकोणनव्वद वह्या आत गेल्या. दार बंद झाल्यावर बाई तिथेच पायरीवर बसल्या आणि रडल्या. गुणाजींच्या घरच्यांनी चहा आणला. मी आयुष्यात बरीच प्रदर्शनं उघडली, फिती कापल्या गेल्या, भाषणं झाली. त्यातल्या कशाचाही मला त्या पायरीवरच्या चहाइतका अभिमान वाटलेला नाही, आणि यात माझा वाटा तो केवढा!

रुचिरा, तू जे उभं केलंस ते कागदावर वाचून मला कळलं नव्हतं. म्हणजे, कळलं होतं. ते पुढच्या पत्रात.

तुझा,
अनंत नाबर


मुलुंड (पूर्व),
२७ एप्रिल २०२५

रुचिरा,

फोन करता आला असता. पण फोनवर तू "असू दे हो सर" म्हणशील आणि मी तेवढ्यावर सुटेन. म्हणून लिहितो.

सोबत एका कागदाची झेरॉक्स आहे. आधी ती वाच. तारीख चौदा ऑगस्ट दोन हजार अठरा. विश्वस्तांनी तुझ्या प्रस्तावावर माझा अभिप्राय मागितला होता, तो हा. "कल्पना स्तुत्य आहे. परंतु सदर संग्रह हौशी स्वरूपाचे असून त्यांच्या प्रशिक्षणावर संस्थेचा वेळ खर्च करणे इष्ट वाटत नाही." खाली माझी सही. विश्वस्तांतले दोघे तुझ्या बाजूचे होते. माझा कागद वाचून ते गप्प बसले.

आणि तुला केबिनमध्ये बोलावून मी सांगितलं, की मी खूप प्रयत्न केला, वरच्यांना पटलं नाही. तू माझे आभार मानलेस. राजीनामा दिलास त्या दिवशीही मानलेस. मी ते घेतले.

का केलं, ते सांगायचा प्रयत्न करतो. तुझा प्रस्ताव वाईट असता तर मी सुधारून दिला असता, लाल पेन्सिलीनं. तो चांगला होता. वाचताना मला वाटलं, तीस वर्षांत हे मला का सुचलं नाही? घाटकोपरची एक नर्स आणि मढचा एक मेकॅनिक जर एकमेकांना शिकवून आपापलं जपू शकत असतील, तर माझ्या खुर्चीचं काय? एवढंच होतं. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

काल हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. आधी तुला कळायला हवं होतं, ते खरं. पण मढला गुणाजींकडे नवे दोघे आले होते, आणि सुगंधाबाई त्यांना माझी ओळख करून देऊ लागल्या, "हे नाबर सर, यांनी तेव्हा एकट्यांनी..." मला ते पुढचं ऐकवेना. मी म्हटलं, "बाई, थांबा. ते खोटं आहे." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

धवल जमिनीकडे बघत होता. गुणाजी म्हणाले, "च्यायला." सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वाईट केलंत सर. फार वाईट केलंत. ताईंना तीन वर्षं स्वतःचा शनिवार मोडून, स्वतःच्या खांद्यावर पिशव्या वाहून हे करावं लागलं. संस्था पाठीशी असती तर किती गावं, असे किती संग्रह जोडले गेले असते." मी मान हलवली. त्या पुढे म्हणाल्या, "ताई काय म्हणतील ते त्या म्हणतील. आता ती वही उलटा, खालचं पान चिकटतंय."

मी वही उलटली. संध्याकाळपर्यंत कोणी मला वेगळं काही म्हटलं नाही, आणि कोणी नेहमीसारखं हसलंही नाही. निघताना गुणाजींनी विचारलं, पुढच्या शनिवारी येणार ना. येतो म्हटलं.

वह्यांचं सांगतो. आता दर शनिवारी आठ-दहा बाहेर काढतो. चौसष्ट वाळल्या. पाच वह्यांची शाई वाहून गेली, ती परत येणार नाही. बाकीच्यांची अक्षरं शाबूत आहेत. काल एका पानावर एक नोंद निघाली: ‘नवा पोरगा घाबरलेला आहे, रात्री त्याच्या शेजारी झोपणे.’ धवलनं ती मोठ्यानं वाचली आणि सगळे थांबले.

ते जे नवे दोघे होते, ते आपल्या जुन्या संस्थेतले. तिथल्या नव्या अधिकाऱ्यानं पाठवले. अर्ज कधी आलाच नाही म्हणून त्यानं चौकशी केली, कोळंबीच्या खोलीची हकीकत त्याला कळली, आणि तो म्हणाला, आमच्या मुलांना तुमच्याकडे शिकायला येऊ द्या. दोघं दिवसभर जमिनीवर बसून सुगंधाबाईंकडून पानं सोडवायला शिकले. आता विश्वस्तांना हा उपक्रम संस्थेच्या पाठिंब्यानं वाढवायचा आहे, पालघरपर्यंत. गेल्या आठवड्यातच त्यांनी मला मार्गदर्शक व्हायला विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांना पत्र लिहिलं, की हा प्रस्ताव तुझा आहे, दोन हजार अठरामध्ये तो माझ्या अभिप्रायामुळे फेटाळला गेला, तो अभिप्राय चुकीचा आणि अप्रामाणिक होता, आणि हे काम कसं व्हावं हे ठरवायचा अधिकार फक्त तुझा आणि या मंडळींचा आहे. त्याचीही प्रत सोबत आहे. त्यांचं पत्र तुला या आठवड्यात येईल. आईंमुळे तुला दापोली सोडता येणार नसेल, तर सुगंधाबाई म्हणतात, मंडळी तिकडे येतील, तिथेही जपण्यासारखं बरंच असणार. तू नाही म्हणालीस तरी तुझं खरं.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही याचं ओझं तुझ्यावर येतं, आणि मी तुझ्यावर पुष्कळ टाकलंय. फक्त एक गोष्ट तुला माझ्या अक्षरात लिहिलेली हवी. माझ्या हाताखाली बरीच माणसं होऊन गेली. त्यांच्यातली तू सर्वांत गुणी होतीस, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.

वाट पाहतो, असं लिहिण्याचा हक्क राहिलेला नाही. तरी पाहतो.

अनंत नाबर